झुकतं माप

चौतीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला बाजारात तोलणार होतो.
पोतं काट्यावर चढायच्या आधीच, नुसत्या ठसक्यावरून सांगायचो
मिरची दमट आहे की खडखडीत.
आता कोपरखैरण्याच्या खोलीत
साडेसतरा ग्रॅम कलेजी तोलतो
आणि हात कापतो.

मिरी चौदा किलोची.
गल्लीतच जन्मली, काळी, गोल, म्हणून मिरी.
खाजवून खाजवून कमरेवरचे केस गेले होते तिचे.
पिशवीतल्या सुक्या गोळ्यांकडे अशी बघायची
जसा मी बघतो
शेजारच्या सूनबाईंनी पाठवलेल्या दुधी भोपळ्याकडे.

मढवी डॉक्टरीण म्हणाल्या, काका, कच्चं देऊन बघू,
पण हिशेबानं.
हिशेब म्हटल्यावर मी पेन काढलं.
वजनाच्या शंभराला अडीच, म्हणजे दिवसाला साडेतीनशे.
हाड दहावा हिस्सा. कलेजी विसावा.
सुरुवातीला फक्त कोंबडी, दुसरं जनावर मध्ये आणायचं नाही.
कलेजी आठव्या दिवसापासून.
हाड कच्चंच, शिजवलेलं कधी नाही,
शिजलं की काचेसारखं फुटतं, आतडं चिरतं.
याच्याखाली मी दोन रेघा मारल्या.

मुनाफभाईला म्हटलं, माना दे, पोटा दे,
कलेजी वेगळ्या पिशवीत.
"पाव्हणे आलेत?"
"मिरीला."
त्यानं सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं,
मग माना जरा लहान तोडून दिल्या, न सांगता.

फ्रीजरमध्ये सात डबे. सातांवरही कोरलेलं,
सौ. अंजिरा सर्जेराव शेलार.
तिचे लाडवाचे डबे हे.
रविवारी भरायचे, रात्री एक खाली उतरवायचा,
सकाळपर्यंत सुटं होतं.
ओटा दोनदा पुसायचा, सुरी उकळत्या पाण्यात.
तिनं पाहिलं असतं तर डबे बाटले म्हणाली असती,
आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच भरले असते.

पहिल्या दिवशी मिरीनं मान उचलली, बाथरूमच्या दारात नेली,
ठेवली. हुंगली. माझ्याकडे पाहिलं.
चोरीचा माल आहे का, असं.
मी पाठ फिरवली.
मग मागून आवाज आला,
कड्, कड्,
खलबत्त्यात काहीतरी कुटल्यासारखा.
या घरात तो आवाज तीन वर्षांत झाला नव्हता.

आठव्या दिवशी कलेजी.
काट्यावर सतरा, अठरा, सतरा.
तिनं पंजा माझ्या पावलावर ठेवला.
मी अजून एक तुकडा टाकला. मग अजून एक.
रात्री तीनला उठून गॅलरी धुतली,
पाचला पुन्हा.
ती कोपऱ्यात, कान पाडून,
जणू चूक तिची.

बाजारात माझं माप ताठ.
व्यापाऱ्याचं नाही, शेतकऱ्याचं नाही,
पाच रुपयांची नोट हातात कोंबणाऱ्याचा हात मी झटकलाय.
पण घरी आलो की हात सैल.
दाण्याबाजारातून खजुराची पुडी आणायचो.
अंजिरा म्हणायची, एवढंसं द्या, साखर वाढलीय माझी.
मी म्हणायचो, खा गं, एवढ्यानं काय होतंय.
चिमटीभर म्हणायची, मी मूठ द्यायचो.
तिच्या पायाचा अंगठा गेला आधी.
मग पाऊल.

एक दिवस मिरीला उपास. मग पुन्हा पहिल्यापासून,
नुसतं मांस, नुसती मान.
पंधरवड्यानं कलेजी, नखाएवढी,
मग बोटाच्या पेराएवढी.
आज साडेसतरावर आलोय.
ती बघते. पंजा ठेवते.
मी नजर काट्यावरून हलवत नाही.
चिकटलेला एक बारीक तुकडा
सुरीच्या टोकानं परत डब्यात.

कमरेवर लव आलीय.
दिसत नाही अजून, बोट उलटं फिरवलं तर लागते.
वाटी चाटून झाली की ती ती ढकलत ढकलत
फ्रीजपर्यंत नेते
आणि तिथंच बसून राहते,
डब्यावरचं नाव वाचता येत असल्यासारखी.